कॉम्प्युटरशी झटापट: आपापले किस्से सांगा

आपल्यापैकी बहुतेकांना कॉम्प्युटर कुणी नीट शिकवलाच नाही. क्लास लावला असेल, 2001 नंतर एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेटही घेतलं असेल, पण डोक्यात काही शिरलं ते काहीतरी बिघडल्यावरच. तर चपला बाहेर काढून एसी लॅबमध्ये शिरायच्या काळापासून ते आजवरचे किस्से येऊ द्या. फजिती दुसऱ्याची असली तरी चालेल, नाव मात्र नको. फ्लॉपीला स्टेपलर मारल्याचा किस्सा प्रत्येकाच्या ऑफिसात घडलेला आहे, तेवढा सोडून बोला.

*

1993, पॉलिटेक्निक. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी माझ्या पार्टनरने स्वतःची फ्लॉपी रिकामी करायला ‘डेल स्टार डॉट स्टार’ मारलं, म्हणजे ‘इथल्या सगळ्या फाइली पूस’. प्रॉम्प्ट ए ड्राइव्हचा, म्हणजे फ्लॉपीचा नव्हता, सीचा, म्हणजे मशीनच्या हार्ड डिस्कचा होता, आणि तोही नेमका सगळ्या वर्गाच्या प्रोग्रॅम्सच्या डिरेक्टरीत. डॉसने (विंडोजच्या आधीची सिस्टीम) रीतसर विचारलं, नक्की ना? पठ्ठ्याने वाय दाबलं.

लॅब असिस्टंट आले. ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, “आता कुणी काही सेव्ह करू नका.” मग त्यांनी पुसलेल्या फाइली परत आणणारं अनडिलीट चालवलं. डॉस फाइल पुसतं म्हणजे नावाचं पहिलं अक्षर उडवतं आणि ती जागा मोकळी झाल्याची नोंद करतं. वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर तिथेच पडून असतो. त्यामुळे दर फाइलमागे मशीन विचारणार, पहिलं अक्षर कोणतं? फाइली सगळ्या पोरापोरींच्या नावाच्या. वर्ग भोवती कोंडाळं करून अक्षरं ओरडत होता. सविता आणि कविता दोघींची शेपटं सारखीच, तेव्हा कुठली कोणाची यावरून तिथेच जुंपली. शेवटी एकीचा प्रोग्रॅम दुसरीच्या नावावर गेला आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांना पत्ताही लागला नाही.

*

आमच्याकडे डायल-अप होतं, म्हणजे फोनच्याच तारेवरून इंटरनेट. बारावीचा निकाल अर्धा उघडला की आजी आतल्या खोलीतला फोन उचलून म्हणायची, “अगं, यात कोणीतरी शिट्ट्या मारतंय.” कनेक्शन गेलं, परत पहिल्यापासून.

*

आमच्या कचेरीत टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले तेव्हाची गोष्ट. इंग्रजी टायपिंगला एक बाई होत्या, हात असा की बघत राहावं. ओळ संपली की एंटर, ही टाइपरायटरची सवय. मध्ये एक शब्द वाढवला की अख्खं पत्र विस्कटायचं. ते एक वेळ ठीक. पण पगारपत्रक एक्सेलमध्ये केलं तर बेरीज काही केल्या जुळेना. साहेब म्हणाले, व्हायरस असेल. (तेव्हा काहीही झालं की व्हायरस.) हेडक्लार्कनी कॅल्क्युलेटर काढला, तर मशीनची बेरीज दरवेळी कमीच.

मला एवढंच दिसलं की काही आकडे चौकटीत उजवीकडे टेकलेले होते आणि काही डावीकडे. डावीकडच्या प्रत्येकात एक तरी 1 होता. बाईंना विचारलं, “मॅडम, एक कुठून मारता?” त्यांनी एलवर बोट ठेवलं. जुन्या कित्येक टाइपरायटरांना एकाची कळच नसायची, छोटा एल हाच एक. दिसायला फरक शून्य. पण एक्सेल त्याला अक्षर समजायचं आणि बेरजेतून गुपचूप वगळायचं. बाई शांतपणे म्हणाल्या, “मग ह्यांनी सांगायला नको?” ‘ह्यांनी’ म्हणजे कॉम्प्युटरने. माझ्या मते त्यांचंच बरोबर होतं.

*

वरचं वाचून आमच्या संस्थेचा वार्षिक अहवाल आठवला. रात्र जागून टाइप केला, फ्लॉपीवर घेतला, एसटीने तालुक्याला छापखान्यात. तिथे फाइल उघडली तर रोमन अक्षरं, कंस आणि डॉलर यांची नुसती खिचडी. सेक्रेटरींना घाम फुटला. डीटीपीवाला पान चघळत म्हणाला, “फॉन्ट आणलाय का?” तेव्हा मराठी म्हणजे इंग्रजी अक्षरांवर चढवलेला मुखवटा, फॉन्ट काढला की आतली खिचडी बाहेर. परत गावी जाऊन फॉन्टची फ्लॉपी आणली. तरी त्याच्याकडची आवृत्ती वेगळी निघाली आणि काही जोडाक्षरं बदलली. अध्यक्षांच्या नावापुढचा ‘श्री’ गायब! छापून झाल्यावर कळलं.

*

युनिकोड, म्हणजे मराठी अक्षरांना त्यांचे स्वतःचे ठरलेले नंबर, आल्यावर सुटलो असं वाटलं होतं. पण विंडोज एक्सपीवर वेलांटी पुढच्या अक्षराला चिकटायची आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले. कंट्रोल पॅनलमध्ये भाषांच्या पानावर एक टिक करायची होती; ती केली की एक्सपीची सीडी मागायचं. सीडी कोणाकडे असणार! ज्याने मशीन जोडून दिलं त्याच्या दुकानात, आणि दुकान तोवर मोबाईलचं झालेलं.

*

छापखान्याचा किस्सा सांगणाऱ्या दादा, त्या अहवालाची फाइल अजून असेल तर टाकू नका. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, फक्त फॉन्टचं नेमकं नाव माहीत हवं. रफार आणि पहिली वेलांटी हाताने तपासा, तिथेच घोळ होतो. फ्लॉपी ड्राइव्ह मात्र तुमचा तुम्ही शोधा.