पावसात गाडी चालवताना: नागपूरकरांनो, तुमचे अनुभव सांगा

परवा शंकरनगर चौकात माझी स्कूटी घसरली. वेग जेमतेम 25. पाऊस सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. सिग्नल लाल झाला म्हणून मी पुढचा ब्रेक दाबला, तेव्हा चाक नेमकं झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर होतं. मागे लेक बसलेली. तिचं कोपर खरचटलं, आणि हेल्मेटवर कानाजवळ बोटभर लांब ओरखडा उमटला. तो ओरखडा पाहिला की अजूनही पोटात गोळा येतो. उन्हाळाभर रस्त्यावर सांडलेलं ऑइल आणि टायरचं घासलेलं रबर पहिल्या सरीत वर येतं, रंगाच्या पट्ट्यावर तर पाय ठरत नाही, हे मला पडल्यावर कळलं. तुमच्यापैकी कुणाला आधीच कळलेलं असेल, ते इथे लिहा. कुणाचं तरी पडणं टळेल.

नरेंद्रनगरहून

ताई, लेक ठीक आहे ना? माझी चूक लिहितो, जशी झाली तशी. दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये आमच्या रेल्वेपुलाखाली पाणी साचलेलं होतं. पुढे एक बस आरामात निघून गेली, म्हणून तिच्यामागे मीही कार घातली. बसने ढकललेलं पाणी भिंतीला आपटून परत आलं, ते थेट बोनेटवर. गाडी घर्रकन बंद. घाबरून मी चावी फिरवली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आतून ‘टक्क’ असा आवाज आला आणि स्टार्टर गप्प झाला.

इंजिनने हवेच्या नळीतून पाणी ओढलं होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. चावी फिरवली की पिस्टन त्या पाण्यावर आदळतो. मेकॅनिकने कनेक्टिंग रॉड काढून माझ्या हातात दिला. दातणाच्या काडीसारखा वाकलेला होता! खर्च 84 हजार. विमा कंपनीने हात वर केले, कारण साध्या पॉलिसीत पाण्याने गेलेलं इंजिन सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. पाण्यात गाडी बंद पडली तर चावीला हात लावू नका. उतरा, चार जणांना बोलवून ढकला, आणि टो करून गॅरेजला न्या. पहिल्यांदा बंद पडली तेव्हाच थांबलो असतो तर बहुतेक सफाईवर भागलं असतं.

अंबाझरी ले-आउट

23 सप्टेंबर 2023 ची पहाट आमच्या गल्लीत कुणी विसरलेलं नाही. काही तासांत 100 मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली. बाबा गाडी उंचावर लावायला म्हणून चावी घेऊन निघाले. समोरच्या गॅलरीतून शेजारचे काका जिवाच्या आकांताने ओरडले, “अहो, उतरू नका! चेंबरचं झाकण वाहून गेलंय!” बाबा पायरीवरच थांबले. थोड्या वेळाने आमची कार आपणहून तरंगत फाटकाला येऊन टेकली. आत कुणी नसताना तिचे दिवे पाण्याखाली पेटलेले होते. फूटभर वाहत्या पाण्यात लहान गाडी उचलली जाते, हे तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. गाडी भंगारात गेली. बाबा आहेत.

मौद्याकडचा शेतकरी

मी दुसरी बाजू सांगतो भाऊ. रोवणीच्या दिवसांत आमचे ट्रॅक्टर धानाच्या बांधीतून थेट सडकेवर येतात आणि चाकाचा चिखल तिथेच पडतो. एक पोट्टा माझ्यासमोर त्याच्यावरून घसरला. तेव्हापासून ट्रॉलीत फावडं ठेवतो अन् सडकेवरचे गोळे बाजूला ओढूनच पुढे जातो. तुम्हीही रामटेक-मौदा पट्ट्यात ट्रॅक्टर दिसला की वेग आधीच कमी करा.

समृद्धीवरून नेहमी जाणारी

120 ची मर्यादा आहे म्हणून भर पावसातही 110 वर होते. एका उतारावर स्टेअरिंग अचानक हलकं झालं, जणू चाकं रस्त्यावर नाहीतच. टायरला खालचं पाणी बाजूला सारता आलं नाही की असं होतं. ब्रेक मारला नाही, वळवलं नाही, ॲक्सिलरेटरवरून फक्त पाय काढला. दोन-तीन सेकंदांत पकड परत आली. आता पावसात 80 च्या वर जात नाही.

आणि कृपा करून चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नका हो. मागच्याला कळत नाही तुम्ही थांबलात की वळताय. साधे हेडलाइट पुरतात.

एसटीतून निवृत्त

27 वर्षं स्टेअरिंग धरलं, त्यातली बरीच गडचिरोलीच्या बाजूला. रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहू लागलं की मी बस अलीकडेच लावायचो. प्रवासी भांडायचे, “काढा ना हो, गुडघाभर तर आहे!” पाणी किती आहे ते दिसतं बाप्पा, खाली रपटा शिल्लक आहे की नाही ते दिसत नाही. एकदा पाच तास बसलो. सगळ्यांनी आपापले डबे उघडले, एका आजीने मला भाकरी-ठेचा दिला. पाणी उतरल्यावर पाहिलं तर मधला भाग खचलेला होता. त्या आजीने काही न बोलता माझ्या डोक्यावर हात ठेवला.

काचेवर वाफ धरायची तेव्हा आम्ही तंबाखू चोळायचो. तुमच्या गाडीत एसी आहे, तो काचेकडे सोडा. आणि बेटा, तुझ्या स्कूटीचं मागचं टायर बघून घे. खाचांच्या तळाशी रबराचे बारीक उंचवटे असतात. टायर घासून त्यांच्या बरोबरीत आलं असेल तर लगेच बदल.

धागा काढणारी

काका, आज पार्किंगमध्ये उकिडवी बसून टॉर्चने पाहिलं. टायर उंचवट्यांच्या बरोबरीत आलेलं होतं, एका ठिकाणी तर खाच बोटाला लागतच नव्हती. संध्याकाळी नवीन टाकलं. लेक अजून मागे बसायला घाबरते. रविवारी उघडीप असली तर तिला घेऊन फुटाळा तलावापर्यंत हळूहळू जाऊन येईन.