मदत हवी आहे: रेंज नसलेल्या गावांतल्या तायांसाठी कोणती एलएमएस (धडे-परीक्षेची ऑनलाइन व्यवस्था) घ्यावी?

धुऱ्यावरची

नमस्कार मंडळी,

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी, केळापूर आणि झरी-जामणी या तीन तालुक्यांत आमची संस्था कापूस कास्तकारांसोबत काम करते. गावोगावी मिळून आमच्या एकशे दहा ताया आहेत. बहुतेक दहावी-बारावी झालेल्या, काही सातवीपर्यंत शिकलेल्या. आधी त्यांनी शिकायचं, मग गावातल्या बायामाणसांना वावरात नेऊन दाखवायचं, अशी रीत आहे. बीजप्रक्रिया, गुलाबी बोंडअळीची पाहणी, निंबोळी अर्क आणि फवारणीतली काळजी हे मुख्य विषय.

फवारणीचा विषय आमच्यासाठी साधा नाही. २०१७ च्या हंगामात आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या वर्षी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलेली माणसं मी पाहिली आहेत. तेव्हापासून "प्रशिक्षण झालं" या शब्दावर माझा सहजासहजी विश्वास बसत नाही. झालं म्हणजे काय झालं, कोणाला किती समजलं, हे मला कळायला हवं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही एका कंपनीकडून तयार एलएमएस घेतली. माणशी पैसे होते. दाखवताना सगळं छान दिसलं, कारण दाखवलं नागपुरात, ऑफिसच्या वायफायवर. गावात काय झालं ते सांगते.

झरीकडच्या एका गावात मी स्वतः ताईच्या बाजूला बसले होते. घरात रेंज नाही, म्हणून ती पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर अर्ध्यात चढून बसते. परीक्षेत वीस प्रश्न. अठरावा झाला आणि गोल गोल चक्र फिरायला लागलं. मग पडदा पांढरा. पुन्हा उघडलं तर पहिला प्रश्न. तिनं तिसऱ्यांदा सोडवायला घेतलं तेव्हा शेजारी वही ठेवली होती, उत्तरं लिहून. शेवटी त्या पानाचा फोटो काढून मला व्हॉट्सॲपवर पाठवला आणि म्हणाली, "मॅडम, मले येते सगळं, पण हे घेतच नाही."

दुसरी गोष्ट याहून जास्त लागली. कंपनीच्या अहवालात सगळ्या ताया हिरव्या, शंभर टक्के पूर्ण. ऑगस्टमध्ये गावात गेले तर एका वावरात कामगंध सापळा (मादीच्या वासानं बोंडअळीचे नर पतंग पकडणारा) पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, पानांत बुडालेला. लावला तेव्हा बरोबर होता. पऱ्हाटी वाढली, सापळा तिथंच राहिला. तो पिकाच्या शेंड्यापेक्षा फूट-दीड फूट वर ठेवावा लागतो, पीक वाढेल तसा सरकवावा लागतो. त्यात पतंग कमी सापडले आणि ताईनं मनापासून नोंद केली की अळी नाही. विचारपूस केली तेव्हा कळलं की त्या सिस्टीममध्ये व्हिडिओ उघडला की धडा पूर्ण धरला जातो. परीक्षा दिली नाही तरी चालतं.

करार संपला तशा लॉगिन बंद झाल्या. दोन वर्षांच्या नोंदी मागितल्या तर दोनशेवर पानांची एक पीडीएफ आली. त्यात निम्मी नावं तुटक्या अक्षरांत.

आता मृगाच्या आधी नवीन व्यवस्था लावायची आहे. आमची परिस्थिती अशी: ऑफिसात तिघं, कॉम्प्युटरचं थोडंफार मलाच येतं. वर्षाला साठ-सत्तर हजारांच्या वर जाता येत नाही. तायांचे फोन साधे अँड्रॉइड, त्यातली जागा लग्नाच्या व्हिडिओंनी भरलेली. दहा-बाराजणींकडे स्वतःचा फोनच नाही, संध्याकाळी मुलगा घरी आला की त्याचा मिळतो. सगळ्याजणी पंधरा दिवसांनी तालुक्याच्या ठिकाणी बैठकीला येतात, तिथं नेट चांगलं असतं.

मूडल, कोलिब्री, गूगल क्लासरूम, ओपन एडएक्स ही नावं वाचून काढली. वाचून जास्तच गोंधळले. मला तुलनेचे तक्ते नकोत, प्रत्येकात सगळीकडे बरोबरच्या खुणा असतात. ज्यांनी कमी रेंजच्या भागात हे चालवून पाहिलं आहे त्यांनी सांगा: परीक्षा रेंजशिवाय सोडवता येते का, आणि कोणत्या प्रश्नाला किती ताया चुकल्या हे मला दिसेल का? बाकी सगळं नंतर.

काळी_माती

ताई, एवढ्या पसाऱ्याची गरज आहे का? आमच्या शेतकरी गटात व्हॉट्सॲपवर व्हिडिओ टाकतो आणि गूगल फॉर्मवर पाच प्रश्न विचारतो. फुकटात होते. सगळ्यांना वापरता येते, शिकवायची गरज नाही.

धुऱ्यावरची

भाऊ, तेही करून पाहिलं. निरोपासाठी व्हॉट्सॲपसारखं काही नाही, ते ठेवणारच आहे. पण फॉर्म पाठवतानाही रेंज लागतेच. शिवाय एकाच ताईच्या चार महिन्यांच्या उत्तरांची ओळ लावायला मला वेगवेगळ्या शीटमध्ये नावं शोधावी लागतात, आणि एकच ताई कधी "सौ." लावते, कधी माहेरचं आडनाव लिहिते. पाच-पन्नास जणांना तुमची रीत पुरेशी आहे. एकशे दहा जणी आणि आठ विषय म्हटल्यावर माझ्याकडून निभत नाही.

सर्व्हरवाला_अकोला

तुम्ही दोनच प्रश्न विचारले ते बरं केलं. दोन्हीचं उत्तर मूडलमध्ये हो आहे, पण काही गोष्टी नीट लावाव्या लागतील.

मूडल २००२ पासून आहे, ऑस्ट्रेलियात सुरू झालं, जीपीएल परवान्याचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. माणशी पैसे नाहीत. खर्च येतो तो सर्व्हरचा आणि ते सांभाळणाऱ्या माणसाचा. लोक दुसरा खर्च धरत नाहीत आणि मग वर्षभरात साइट बंद पडते. एकशे दहा लोकांना चार जीबी रॅमचा भाड्याचा सर्व्हर पुरतो, कारण तुमच्या ताया एकाच वेळी चढणार नाहीत. बैठकीच्या दिवशी मात्र सगळ्या एकदम चढतील, तेव्हा वीस-वीसच्या गटानं डाउनलोड करायला सांगा.

रेंजशिवाय परीक्षेचं असं आहे. मूडलच्या मोबाइल ॲपमध्ये ते होतं, पण आपोआप नाही. प्रत्येक प्रश्नमंजूषेच्या सेटिंगमध्ये ॲपवरून ऑफलाइन सोडवण्याची परवानगी वेगळी द्यावी लागते. त्या परीक्षेला वेळेची मर्यादा लावायची नाही. प्रत्येक उत्तराला लगेच चूक-बरोबर दाखवणारी पद्धतही चालत नाही, सगळं सोडवून झाल्यावर शेवटी तपासणी होईल अशी ठेवायची. ताईनं रेंजमध्ये असताना ती परीक्षा फोनवर उतरवून घ्यायची. मग टाकीवर चढायची गरज नाही, चुलीजवळ बसून सोडवली तरी चालते. उत्तरं फोनमध्ये राहतात आणि पुढे रेंज मिळाली, ॲप उघडलं की वर जातात. एक धोका सांगून ठेवतो: उत्तरं वर जाण्याआधी कोणी ॲप काढून टाकलं तर गेली. फोनमधली जागा मोकळी करताना पोरं पहिलं तेच करतात. आणि ॲपच्या फुकट योजनेत सूचना पाठवण्यावर आणि ऑफलाइन कोर्सवर मर्यादा आहेत. ठरवायच्या आधी त्यांच्या साइटवर आजचे आकडे पाहून घ्या.

फोन वाटून वापरणाऱ्यांसाठी एकाच ॲपमध्ये दोन-तीन खाती ठेवता येतात.

तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. प्रश्नमंजूषेच्या अहवालात आकडेवारीचं पान असतं, त्यात प्रश्नवार किती टक्के लोकांनी बरोबर उत्तर दिलं ते दिसतं. आणि धडा "पूर्ण" कधी धरायचा हे तुम्हीच ठरवता. नुसतं उघडलं की पूर्ण, की परीक्षेत पास झाल्यावर पूर्ण, हे सेटिंग आहे. कंपनीनं सोपं ते निवडलं, एवढंच झालं असेल.

ओपन एडएक्स तुमच्यासाठी नाही. हजारो विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन कोर्ससाठी ते बांधलंय, तिघांच्या ऑफिसनं त्याचा सर्व्हर सांभाळणं म्हणजे सशाच्या शिकारीला वाघाचं सामान.

मूडलची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा येते. तुम्ही दीर्घ आधाराची (जिला जास्त काळ सुधारणा मिळत राहतात ती, एलटीएस) आवृत्ती घ्या आणि अपडेट करायला जवळच्या एखाद्या माणसाशी वर्षाचं बोलणं करून ठेवा. मराठी भाषा-पॅक आहे, पण अर्धवट. काही बटणं इंग्रजीत दिसतील. ते शब्द तुम्ही स्वतः बदलू शकता. पुस्तकी मराठी घालू नका, तायांना कळेल ते घाला.

मास्तर_धारणी

मेळघाटात शिकवतो म्हणून कोलिब्रीबद्दल लिहितो. त्याची बनावटच नेट नसलेल्या जागेसाठी आहे. एका लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या कॉम्प्युटरच्या पेटीवर सगळा मजकूर ठेवायचा, त्याचा वायफाय चालू करायचा, मुलं त्याला जोडून शिकतात. इंटरनेट लागत नाही. मजकूर पेनड्राइव्हनं नेता येतो. आमच्या कोरकू मुलांना याचा फार उपयोग झाला.

पण तुमच्या तायांसाठी मी कोलिब्री म्हणणार नाही. ते वर्गखोलीसाठी चांगलं आहे, मुलं रोज त्याच पेटीजवळ येतात. तुमच्या ताया पंधरा दिवसांनी येतात. बैठकीच्या खोलीत नेट नसतं तर गोष्ट वेगळी होती. नेट आहे, मग मूडलच बरं.

मजकुराबद्दल एक अनुभव सांगतो. व्हिडिओचा हट्ट सोडा. सातवी शिकलेल्या बाईला लांब मजकूर वाचायचा कंटाळा येतो, पण ऐकायचा येत नाही. तीन मिनिटांचा आवाज मोनोमध्ये, चौसष्ट केबीपीएसनं सेव्ह केला तर दीड एमबीच्या आत बसतो. तेवढ्याच मिनिटांचा साधा व्हिडिओ सहज दहा एमबी खातो. जिथं हातानं करायची गोष्ट आहे, तिथंच व्हिडिओ. आवाज तुमच्याच एखाद्या ताईचा घ्या, स्टुडिओतल्या बाईचा नको.

धुऱ्यावरची

मास्तर, आवाजाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ताया पऱ्हाटी डवरताना फोन पदराला बांधून गाणी ऐकतात, तसे धडे ऐकतील.

कागदपत्रं_आधी

थोडक्यात दोन गोष्टी. कोणाशीही करार करा, त्यात लिहून घ्या की नोंदी मागाल तेव्हा सीएसव्ही फाइलमध्ये (एक्सेलसारख्यात उघडणारा साधा तक्ता) मिळतील आणि कोर्सचा बॅकअप तुमच्या हातात राहील. दुसरं, तायांची माहिती कमीत कमी घ्या. नाव, गाव, फोन पुरे. आधार नंबर घेऊन ठेवू नका, वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आलाय, जबाबदारी संस्थेवर येते. नाव जुळत नाही म्हणता तर प्रत्येक ताईला एक क्रमांक द्या, आडनाव बदललं तरी तो बदलत नाही.

आणि प्रमाणपत्र मूडलमधून थेट काढून पाहा आधी. पीडीएफमध्ये जोडाक्षरं तुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या मागं जाते. आम्ही यादी सीएसव्हीत काढून लिबरऑफिसच्या मेल मर्जनं (यादीतली नावं नमुन्यात आपोआप भरणारी सोय) छापतो. स्वतःचं नाव तुटलेलं प्रमाणपत्र कोणती बाई भिंतीवर लावेल?

धुऱ्यावरची

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण आधी करून पाहायचं ठरवलं होतं.

अकोल्याच्या एका पोरानं सर्व्हर लावून दिला. सहा ताया निवडल्या, मुद्दाम रेंज नसलेल्या गावांतल्या. त्यात टाकीवरची ताईही होती. सापळ्याचा एकच धडा, चार मिनिटं आवाज, तीन फोटो आणि दहा प्रश्न. बैठकीत उतरवून दिला. दोघींच्या फोनमध्ये जागाच नव्हती, तिथंच बसून जुने व्हिडिओ काढले, त्यात अर्धा तास गेला. एकीनं घरी जाऊन ॲप काढून टाकलंच, म्हणजे मुलानं काढलं. तिची उत्तरं गेली, तिला पुढच्या बैठकीत पुन्हा देऊ. मुलांनाही सांगायला हवं होतं, ते राहून गेलं.

बाकी पाचजणींची उत्तरं आली. टाकीवरच्या ताईची रात्री दहा वाजता आली, बसस्टँडवर आली होती म्हणे. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ पतंग सापडले की उपाय करायचा, हा प्रश्न पाचहीजणींनी बरोबर सोडवला. पीक वाढल्यावर सापळ्याचं काय करायचं, हा प्रश्न पाचपैकी चौघींनी चुकवला.

चूक आमच्या धड्यात आहे. फोटो जुलैमधला आहे, पऱ्हाटी गुडघ्याइतकी, सापळा आपोआपच वर दिसतो. आता ऑगस्टचा फोटो हवा, कमरेइतक्या पऱ्हाटीतला. गेल्या वर्षीच्या फोनमध्ये शोधते आहे. कोणाकडे स्वतः काढलेला असा फोटो असेल आणि धड्यात वापरू देत असाल तर कृपया इथं टाका. सापळ्याची काठी बुडापासून शेंड्यापर्यंत दिसायला हवी.