पाचपैकी पाच? कुठल्या वॉर्डात?

वॉर्डातली_सिस्टर: परवा जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, तिसऱ्या वर्षाच्या एकीनं इथं लिहिलं की स्वमूल्यमापनाच्या फॉर्मात बॅचनं स्वतःला चार-पाच दिले, मॅडमनी दोनवर आणले, आणि 'आमचं काम आम्हालाच जास्त कळतं'. वाचून डोकं फिरलं. बाई, तुम्ही मार्क देता ते सुई शिरली का, याला. रक्त लावलं, थेंब पडाय लागले, झाले पाच! पहिली 15 मिनिटं पेशंटजवळ कोण थांबणार? जिवावरची रिॲक्शन बऱ्याचदा तेव्हाच सुरू होते. माझ्या वॉर्डात एक पोरगी पिशवी लावून फाईल लिहीत बसली. पेशंटला हुडहुडी भरलीय हे शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं सांगितलं. फॉर्मात पोरीचे पाचपैकी पाच.

कागलची_पोरगी: ते मीच लिहिलंय. थांबायचं कळतंय की ओ. पण तेवढ्यात 'जा, लॅबला सॅम्पल दे, येताना सलाईनचा बॉक्स आण' कोण म्हणतं? वॉर्डबॉय मामा रजेवर गेला की आम्हीच मामा. चुकलं की नातेवाइकांसमोर ओरडा, जमलं तर कोण एक शब्द बोलत नाही. मग मार्क कशावरनं द्यायचे?

एमएससी_वाला: डनिंग आणि क्रूगर या मानसशास्त्रज्ञांचा अभ्यास, 1999. ज्यांना कमी येतं तेच स्वतःला जास्त मार्क देतात. विषय संपला.

ब्रदर_गडहिंग्लज: भावा, त्यात विनोद, तर्क आणि इंग्रजी व्याकरण तपासलेलं. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालणं नव्हतं. आणि हुशार पोरं स्वतःला कमी लेखतात हेही त्यातच आहे, ते बरं गाळलंस. मार्कांचं सोडा, केसबुकाचं बोला, पेशंटची काय सेवा केली ते लिहायच्या वहीचं. सिनियरचं उतरवायचं, पेशंटचं नाव बदलायचं, चार रंगांच्या पेनांनी रेघा मारायच्या.

ट्यूटर_मॅडम: आम्हाला कळत नाही वाटतं? हर्नियाच्या आजोबांच्या केअर प्लॅनमध्ये 'स्तनपानाबाबत मार्गदर्शन केले' वाचलंय मी!

ब्रदर_गडहिंग्लज: वाचून सही केलीत ना?

ट्यूटर_मॅडम: तोंड सांभाळून. एका विद्यार्थ्यामागं तीन पेशंट हवेत असा नर्सिंग कौन्सिलचा नियम, इथं एका खाटेभोवती सहा पोरं उभी. केस आणू कुठनं? घरनं?

कागलची_पोरगी: म्हणजे केस नाही हे तुम्हीच म्हणता, आणि मार्कही तुम्हीच कापता. भारीच की.

वॉर्डातली_सिस्टर: केसबुक जाळा तिकडं. रात्रपाळीला विद्यार्थ्यांवर वॉर्ड ढकलतात हे खरं आहे, मी नाही म्हणत नाही. पण तेवढ्यानं पाच मिळत नाहीत.

कागलची_पोरगी: बरं बाई, चार घ्या. उद्यापासनं 15 मिनिटं थांबतो. मधे कोण फार्मसीची चिठ्ठी हातात कोंबली तर तुमचं नाव सांगणार.

वॉर्डातली_सिस्टर: सांग खुशाल. आणि सगळ्या वॉर्डाचं बीपी 120/80 लिहू नकोस.