प्रतीक, प्रतिनिधी की मूर्तिमंत?

प्रश्न : व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझेराब्ल'मधल्या (१८६२) जाव्हेर या पोलीस इन्स्पेक्टरवर टिपण लिहिते आहे. 'जाव्हेर हा कायद्याचं प्रतीक आहे' असं लिहिलं, पण 'प्रतीक' तोकडा वाटतोय. दुसरा शब्द सुचवाल का?

उत्तर : तोकडा आहेच. प्रतीक स्वतः काही सोसत नाही, ते फक्त सुचवतं. याच कादंबरीत बिशपने तुरुंगातून सुटून आलेल्या ज्याँ व्हालज्याँला, म्हणजे कादंबरीच्या नायकाला, दिलेले चांदीचे मेणबत्तीदान आहेत, ते प्रतीक. व्हालज्याँ ते मरेपर्यंत सांभाळतो. 'प्रतिनिधी' म्हणाल तर तो एका गटाच्या वतीने उभा असतो. जाव्हेर पोलीसखात्याचा प्रतिनिधी आहे, पण तेवढ्यावर त्याची ओळख संपत नाही.

मी 'मूर्तिमंत कायदा' म्हणेन. त्याचं कारण पुस्तकातच आहे. व्हालज्याँ मादलेन या नावाने महापौर झालेला असतो. जाव्हेरने महापौर मादलेनविरुद्ध पॅरिसला तक्रार केलेली असते, की हा फरारी कैदी व्हालज्याँ आहे. मग दुसराच कुणी व्हालज्याँ म्हणून पकडला जातो, तेव्हा जाव्हेर महापौरांसमोर येऊन स्वतःच्या बडतर्फीची मागणी करतो. राजीनामाही नको म्हणतो, कारण राजीनामा मानाचा असतो आणि त्याला शिक्षा हवी असते. इतरांना लावलेला नियम तो स्वतःला तितक्याच कठोरपणे लावतो. मूल्य असं अंगात मुरलेलं असेल तिथेच 'मूर्तिमंत' शोभतो. नुसत्या क्रूर अधिकाऱ्याला तो लावू नये.

शेवट तर विलक्षण आहे. १८३२च्या जूनमधल्या उठावात व्हालज्याँ त्याला जिवंत सोडतो, पुढे जाव्हेरही व्हालज्याँला सोडून देतो, आणि मग दोन्ही गोष्टी त्याच्या मनात मावत नाहीत. सीन नदीत उडी घेण्याआधी तो चौकीत बसून वरिष्ठांसाठी सूचना लिहितो. त्यातली एक अशी : झडतीच्या वेळी कैद्यांना फरशीवर अनवाणी उभं करतात, त्यामुळे तुरुंगात परतताना अनेकजण खोकतात आणि दवाखान्याचा खर्च वाढतो. दया त्याच्या लेखणीत खर्चाचा हिशेब होऊन उतरते. कायदा मोठा की करुणा, हे कादंबरीचं आशयसूत्र ह्यूगो इथे भाषण न देता एका माणसाच्या कागदावर आणतो. मला हे पान संपूर्ण पुस्तकात सर्वांत जड वाटतं.

प्रश्न : मग बिशपला 'मूर्तिमंत करुणा' म्हणायचं का? व्हालज्याँने त्याच्याकडून चोरलेली चांदीची भांडी परत आली तर तो उलट मेणबत्तीदानही देऊन टाकतो.

उत्तर : म्हणता येईल, चूक नाही. पण त्या प्रसंगात तो डगमगत नाही, म्हणून मी त्याला 'आदर्श' म्हणेन. आदर्श वाट दाखवतो, चालावं लागतं व्हालज्याँला. तुमच्या टिपणात या तिघांना एकच विशेषण लावू नका, ताई.

वापराचं थोडं : 'मूर्तिमंत' नामाआधी येतो, 'मूर्तिमंत त्याग', 'मूर्तिमंत कायदा'. ऱ्हस्व 'ति' सांभाळा. 'कायद्याला मूर्त रूप देतो' हे मात्र टाळा. मूर्त रूप कल्पनेला किंवा योजनेला दिलं जातं. वाक्य असं करता येईल : 'जाव्हेर म्हणजे मूर्तिमंत कायदा, आणि दया समोर आल्यावर तो कायदा जगू शकत नाही.'