'समान', 'न्याय्य' की 'समन्यायी'? हिवतापाचा निधी आणि आपले शब्द

परभणीहून प्रश्न: आरोग्य पुस्तिकेसाठी एक उतारा मराठीत लिहिते आहे. हिवतापासाठी जगभरातून जमलेला पैसा देशादेशांत कसा जातो, हा विषय. 'समान वाटप' लिहिलं आणि तिथंच अडले. 2023 मध्ये हिवतापानं सुमारे 5 लाख 97 हजार माणसं गेली, त्यांतली जवळपास एकतृतीयांश एकट्या नायजेरियातली. मग सगळ्या देशांना सारखं देणं बरोबर कसं? 'न्याय्य' लिहू का?

पैठणहून: ताई, 'समन्यायी' लिहा. जायकवाडीच्या पाण्यानं हा शब्द आपल्याकडं गावोगाव नेलाय. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात तत्त्व असं आहे की खोऱ्यातली टंचाई सगळ्यांनी मिळून सोसायची. खरिपाचा वापर धरून ऑक्टोबरअखेर वरच्या-खालच्या धरणांत वापरण्याजोग्या पाण्याची टक्केवारी जवळपास सारखी राहावी. दलघमी (दशलक्ष घनमीटर) सारखे नव्हेत, टक्केवारी सारखी. 'न्याय्य' म्हटलं की नुसता निकाल कळतो, 'समन्यायी' म्हटलं की मोजायचं कसं तेही कळतं. आणि तुमच्या विषयातसुद्धा वाटायची आहे ती टंचाईच. त्या वर्षी 830 कोटी डॉलर लागणार होते, मिळाले 400 कोटी.

लातूरहून: 'समन्यायी' पटलं. पण 'वाटप' मला खटकतं. वाटप धान्याचं होतं, साड्यांचं होतं. देणारा वर उभा, घेणारा रांगेत. वाटणी मात्र भावाभावांत होते आणि तिथं प्रत्येकाला बोलायचा हक्क असतो. एड्स, क्षयरोग आणि हिवतापासाठी 2002 साली जो जागतिक निधी सुरू झाला, त्याच्या मंडळावर मताच्या 20 जागा आहेत. 10 देणाऱ्या बाजूच्या, 10 निधी राबवणाऱ्या बाजूच्या. अशा ठिकाणी 'वाटप' लिहिलं तर त्या दहा जणांना आपण शब्दानंच रांगेत उभं करतो.

परभणीहून: मग 'समन्यायी वाटणी'च लिहिते. आता 'रोगभार', म्हणजे देशावर रोगाचा किती बोजा आहे ते. निधीच्या सूत्रात देशाची ऐपत आणि हा भार, दोन्ही धरतात. पण हिवतापाचे आकडे 2000 ते 2004 चे घेतात, लोकसंख्येच्या वाढीनुसार बदलून. इतके जुने का?

पैठणहून: आणेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, आठवा. 50 पैशांच्या वर लागली की सवलत गेली. ज्या देशानं मच्छरदाण्या, फवारणी करून ताप कमी केला, त्याचा पैसा त्याच कारणानं कापला तर ताप परत येतो. आपल्याच देशात 1965 च्या सुमारास वर्षाला 1 लाखाच्या आसपास रुग्ण उरले होते. 1976 मध्ये ते 64 लाखांवर गेले. माझे वडील त्या वर्षांतलं हिव भरणं अजून सांगतात, चार गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे. म्हणून जुना भार धरणं मला योग्य वाटतं.

लातूरहून: तर मग 'रोगभार'च्या आधी 'मूळ' जोडा. 'मूळ रोगभार' म्हटलं की आजचे रुग्ण मोजलेले नाहीत, हे वाचणाऱ्याला लगेच कळेल.