प्रत्येक टेबलावर संगणक: धोरण की नुसती पाटी?

आसावरी_न: बाबांच्या कपाटात रबरबँड लावलेल्या १३ फ्लॉप्या सापडल्या. वर बॉलपेनने 'विन ९५', म्हणजे विंडोज ९५, लिहिलंय. त्यावरून घरी वाद झाला. 'प्रत्येक टेबलावर, प्रत्येक घरात एक संगणक' हे मायक्रोसॉफ्टचं खरंच आखीव धोरण होतं, की बोलायला बरी पाटी?

फ्लॉपीवाले_काका: मी ९४ ते २००३ मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, संगणकांच्या बाजारात, मशीनं जोडायचो, त्यामुळे माझं उत्तर काउंटरच्या आतल्या बाजूचं. पाटी खरीच, पण मेख करारात होती. १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टने आयबीएमला डॉस, म्हणजे विंडोजच्या आधीची संगणक चालवणारी प्रणाली, दिलं, ते इतरांना विकायचा हक्क स्वतःकडे ठेवून. मग कॉम्पॅकसारख्यांनी आयबीएमसारखीच, तेच डॉस चालणारी मशीनं काढली. स्वस्त करण्यासाठी झगडा त्यांचा, डॉसचे पैसे मायक्रोसॉफ्टकडे. वर 'पर प्रोसेसर' करार: मशीनवर दुसऱ्याचं डॉस घालून विकलंत तरी मायक्रोसॉफ्टचे पैसे मोजायचेच! अमेरिकन न्यायखात्याने १९९४ मध्ये ते बंद करायला लावलं.

आमच्या दुकानात पैसे मोजायचा प्रश्नच नव्हता. सीडी एक, मशीनं शेकड्यांनी, आणि 'की', म्हणजे विंडोज टाकताना लागणारा परवाना क्रमांक, मला तोंडपाठ. वडापावबरोबर चटणी मागावी तसं गिऱ्हाईक विचारायचं, "विंडोज टाकून देताय ना?" १९९८ मध्ये गेट्स चीनबद्दल एका विद्यापीठात म्हणाले होते की, लोक चोरणारच असतील तर आमचंच चोरावं, सवय लागेल, वसुलीचं पुढे बघू. ते वाचलं तेव्हा कळलं, मी त्यांचा बिनपगारी सेल्समन होतो.

निळा_पडदा: काका, मग मायक्रोसॉफ्टवाले फोनवर का आपटले?

फ्लॉपीवाले_काका: तिथे तोच डाव गूगलने टाकला, तोही फुकटात. अँड्रॉइडला पैसे नाहीत आणि विंडोज फोनला द्यायचे, मग फोन बनवणारा कुठे जाणार? एप्रिल २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने नऊ इंचांखालच्या पडद्यांसाठी विंडोज फुकट केलं. त्याच महिन्यात नोकियाचा फोनधंदा ताब्यात आला आणि पुढच्याच वर्षी ७.६ अब्ज डॉलर बुडीत खाती टाकले. उशीर झाला होता हो.

आसावरी_न: बाबा म्हणतात त्यांनी सॉफ्टवेअर विकत घेतलं होतं.

फ्लॉपीवाले_काका: बॉलपेनने लिहिलेलं? बरं, बाबांना काही बोलू नका. पण लावून बघणार असाल तर अकरावी फ्लॉपी आधी तपासा. आमच्याकडे नेहमी तीच जायची.