बजेट ५० हजार: मोटरपेक्षा टोनआर्म बघून टर्नटेबल घ्या

धरमपेठी श्रोता
घरातल्या एलपी पुन्हा ऐकायच्या ठरवल्या की बहुतेकांचा पहिला प्रश्न मोटरचा असतो, बेल्ट (मोटर रबरी पट्ट्याने थाळी फिरवते) की डायरेक्ट ड्राइव्ह (मोटर थेट थाळीखाली)? ५० हजारांच्या आत हा प्रश्न दुय्यम आहे, असं माझं ठाम मत आहे. मोटरने तबकडी एकसारखी फिरवली की तिचं काम संपलं. खाचेतलं गाणं उचलते सुई, आणि तिला नेमकं धरतो टोनआर्म, म्हणजे तबकडीवर येणारा दांडा. आर्मच्या बेअरिंगमध्ये थोडाही खेळ असला तर तारसप्तकातला सूर फाटतो. बाजू संपत आली की हे जास्त जाणवतं, कारण सुईखालून सरकणाऱ्या खाचेचा वेग बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे ५० सेंमी असतो आणि आत येईपर्यंत २१ वर उतरतो. तेवढ्याशा जागेत तोच सगळा आवाज दाटलेला!
म्हणून मी रेगा प्लॅनर १ सारख्या साध्या मशीनच्या बाजूचा. ब्लूटूथ, यूएसबी, दिवे यांचा खर्च कंपनी शेवटी आर्ममधूनच वाचवते.

महालकर
अजिबात पटलं नाही. तुमच्या एलपी सपाट असतील, आमच्याकडे वाड्याच्या माळ्यावर पेटीत राहिलेल्या आहेत. नागपूरचा मे महिना, वर पत्रा. अर्ध्या वाकल्या. शिवाय आजोबांच्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या आहेत, त्यात नाट्यसंगीत आहे आणि तेच मला सगळ्यात आधी ऐकायचं आहे. प्लॅनर १ वर ७८ ची गतीच नाही. आर्मची उंची बदलायची तर खाली चकत्या घाला.
ऑडिओ-टेक्निका एलपी १२० एक्स घ्या. तिन्ही गती आहेत, आर्म वरखाली होतो, हेडशेल (आर्मचं सुई बसवायचं टोक) निघतं. एलपीच्या गोल सुईचं टोक साधारण १८ मायक्रॉन त्रिज्येचं, ७८ ला ७५ च्या आसपासचं लागतं. एलपीची सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते, म्हणून नुसती खरखर ऐकू येते. या मशीनसोबत येणाऱ्या व्हीएम ९५ कार्ट्रिजवर (सुई जिच्यात बसते ती डबी) ७८ ची सुई हाताने ओढून बदलता येते. गाणंच लागणार नसेल तर उत्तम आर्म काय कामाचा?

विलंबित
महालकरांना दुजोरा, पण माझं कारण वेगळं. आपण ऐकतो शास्त्रीय. मागे तानपुरा सतत चालू. गती किंचित डोलली तरी षड्ज हलतो आणि ते कानाला लगेच कळतं. १२० एक्ससारखा, क्वार्ट्झ स्फटिकाने गती स्थिर ठेवणारा डायरेक्ट ड्राइव्ह इथे बेल्टपेक्षा सरस. बेल्ट रबराचा, आपल्या उन्हाळ्यात सैल पडतोच.

धरमपेठी श्रोता
@विलंबित, षड्ज हलतो हे खरं, पण दोष मोटरचाच असं आधी धरू नका. ३३⅓ च्या गतीने एक फेरा १.८ सेकंदांचा. डोलणं बरोबर त्याच अंतराने येत असेल तर तबकडीचं भोक मध्यावर नाही, किंवा ती वाकली आहे. सुई खाचेत असताना आर्म पहिल्या दोषात डावी-उजवीकडे, दुसऱ्यात वर-खाली झुलताना डोळ्यांना दिसेल. ते कुठलीच मोटर दुरुस्त करत नाही. बेल्ट काही वर्षांनी बदलावा लागतो, हे मान्य.
@महालकर, ७८ चा मुद्दा तुमच्यापुरता बिनतोड आहे. ज्यांच्याकडे फक्त एलपी आहेत त्यांनी मात्र न लागणाऱ्या सोयींचे पैसे का मोजावेत?

इतवारीचा जुना ग्राहक
नवं घेताच काहून, भाऊ? जुनं जपानी मशीन बघा की. १९७० च्या दशकात जे आर्म बनले तसे आज या पैशात मिळत नाहीत.

सदरकर ताई
भाऊ, जुनं घेताना आधी मागची पट्टी वाचा. जपानचं मशीन १०० व्होल्टचं, आपली वीज २३०. ट्रान्सफॉर्मरने भागेल. पण अमेरिकेचं, ६० हर्ट्झच्या सिंक्रोनस मोटरचं (जिची गती विजेच्या हर्ट्झवर ठरते) असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर ३३⅓ ऐवजी २७.८ फेरे होतील. ट्रान्सफॉर्मरने ते सुधारत नाही, पुली बदलावी लागते.
आता आर्मबद्दल. चांगला आर्म असा सुटा नसतो, कार्ट्रिजशी त्याची जोडी जमावी लागते. आर्मचं प्रभावी वजन (हलताना सुईला जाणवणारं), कार्ट्रिज आणि स्क्रू मिळून २० ग्रॅम आणि सुईची लवचिकता १२.५ असेल तर गुणाकार २५०. त्याच्या वर्गमुळाने १५९ ला भागा, १० हर्ट्झ येतात; ही आर्म-सुईच्या जोडीची स्वतःची डोलण्याची कंप्रता. ८ ते १२ मध्ये बसलं म्हणजे वाकलेल्या तबकडीचे हेलकावे खाली राहतात, संगीत वर. महालकरांच्या पेटीतल्या वाकलेल्या एलपींसाठी हे गणित आर्मच्या उंचीपेक्षा महत्त्वाचं आहे.
आणि कूलर ज्या स्टँडवर आहे त्याच्या आसपास टर्नटेबल ठेवू नका. थरथर सुईपर्यंत पोचते. भिंतीत पक्की बसवलेली कडप्प्याची फळी सगळ्यात चांगली. लाकडी जमिनीच्या वाड्यात तर तीच हवी, नाहीतर कुणी चाललं की सुई उडते.

महालकर
ताई, फळीचं लगेच करून घेतो. मशीनबद्दल मत तेच, १२० एक्स. ५० हजारांतून जे उरेल त्यात ७८ ची सुई आणि दुसरं हेडशेल.

धरमपेठी श्रोता
उरलेल्यातून वजनकाटाही घ्या, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा. मशीनसोबतच्या व्हीएम ९५ ई ला सुईवर २ ग्रॅम भार लागतो. काउंटरवेटवरच्या (आर्ममागच्या फिरवायच्या वजनावरच्या) आकड्यावर विसंबू नका, आणि ७८ ची सुई लावली की तिच्या पाकिटावरचा भार बघून पुन्हा मोजा.